मदतीचा पत्ता

‘संपादक’ म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे एक माणूस उभा राहतो. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणारा, अपपाठ वगळणारा, कठीण शब्दावर तळटीप देणारा आणि प्रस्तावनेत आपल्या निर्णयांची जबाबदारी घेणारा. संगणकाच्या जगात ‘टेक्स्ट एडिटर’ या नावाने जो ओळखला जातो, तो यांपैकी काहीच करीत नाही. तो एक प्रोग्राम असतो. अक्षरे उमटवणे, खोडणे, इकडची तिकडे नेणे एवढेच त्याचे काम. मजकुराच्या बऱ्यावाइटाशी त्याला कर्तव्य नसते. मात्र या यांत्रिक संपादकाच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, की जो पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा. ग्रंथ एका ठिकाणी आणि त्यावरची टीका दुसऱ्या ठिकाणी राहत असेल, तर वाचकाला एकीकडून दुसरीकडे कोण नेणार? आणि जिथे नेले तिथली टीका याच ग्रंथाच्या याच आवृत्तीवरची आहे, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न माझ्या पुढ्यात आला तो एका फजितीतून. काही वर्षांपूर्वी जुन्या मराठी शब्दांच्या याद्या मी संगणकावर नीट लावत होतो. हजारो ओळींत एकच बदल एका आज्ञेने करता येतो, असे ऐकून ‘व्हिम’ नावाचा एडिटर वापरून पाहायचे ठरवले. एका माजी विद्यार्थ्याने तो पेनड्राइव्हवरून आणून दिला. प्रोग्राम सुरू झाला. पुढे काय करायचे ते कळेना, म्हणून पडद्यावर सुचवल्याप्रमाणे मदतीची आज्ञा दिली. उत्तर आले ते दिलगिरीचे : मदतीची फाइल सापडत नाही. विद्यार्थ्याला बोलावल्यावर उलगडा झाला. त्याने फक्त मुख्य प्रोग्रामाची फाइल उचलून आणली होती. शेजारचे ‘डॉक’ नावाचे फोल्डर मूळ जागीच राहिले होते. एडिटर लिहीत होता, खोडत होता, शोधत होता. त्याला फक्त स्वतःविषयी काही सांगता येत नव्हते.

त्या दिवसापर्यंत माझी समजूत अशी होती, की प्रोग्रामची ‘मदत’ त्याच्या पोटातच असते. वास्तविक ती बहुधा बाहेर, वेगळ्या फाइलींत असते, आणि प्रोग्राम दर वेळी तिचा पत्ता शोधत जातो. हा पत्ता त्याला कसा कळतो याचा इतिहास मला वाचावासा वाटला. तो इतिहास तांत्रिक आहे खरा. परंतु त्यातले पेच मजकूर, आवृत्ती, वारसा आणि लेखक यांच्या संबंधांचे आहेत.

आरंभी पत्त्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही यंत्रणा घडवली. तिच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. या यंत्रणेचे पहिले बाहेरचे वापरकर्ते म्हणजे त्याच संस्थेच्या पेटंट विभागातील मजकूर टंकणारी मंडळी. म्हणजे संगणकावरील या सगळ्या परंपरेच्या मुळाशी गणित जितके आहे तितकाच मजकूर आहे, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. टॉम्प्सन यांचा ‘एड’ हा एडिटर तेव्हा होता. तो अत्यंत अबोल. चूक झाली की एक प्रश्नचिन्ह दाखवी आणि गप्प बसे. मदत हवी असेल तर कागदावरचे मॅन्युअल उघडावे, नाहीतर शेजारच्या खोलीत जाऊन लेखकालाच विचारावे. टीकेचा पत्ता म्हणजे फडताळातला कप्पा होता, आणि तो सर्वांना ठाऊक होता.

त्या मॅन्युअलची एक प्रथा मला फार मोलाची वाटते. प्रत्येक आज्ञेच्या पानावर तिचे नाव, तिचा वापर, तिचे वर्णन आणि अखेरीस तिच्यातील ज्ञात दोष असे भाग असत. लेखकाने आपल्या कृतीच्या पानावर आपल्याच हाताने तिचे दोष नोंदवायचे. आपल्याकडील किती ग्रंथांच्या प्रस्तावना या कसोटीला उतरतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे ही पाने यंत्रातच साठवली जाऊ लागली आणि ‘मॅन’ ही आज्ञा दिली की पडद्यावर दिसू लागली. इथे पत्त्याचा प्रश्न पहिल्यांदा जन्मला. त्याचे पहिले उत्तर सर्वांत सोपे होते : पत्ता प्रोग्राममध्येच लिहून टाकायचा. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील ‘मॅन’ ही आज्ञा सरळ एका ठरलेल्या फोल्डरात जाई. यंत्र एक, संस्था एक, फडताळ एक. तोवर हे उत्तर पुरेसे होते. परंतु युनिक्स विद्यापीठांत आणि अन्य संस्थांत पसरू लागले, प्रत्येक ठिकाणची मांडणी निराळी झाली, आणि प्रोग्रामच्या आत कोरलेला पत्ता अडचणीचा ठरू लागला. घर बदलले तरी पत्रावर जुनाच पत्ता छापून येत राहावा, तसे हे होते.

या अडचणीवरचे साधन त्याच सातव्या आवृत्तीत होते, हा योगायोग गमतीचा आहे. आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ म्हणतात. टॉम्प्सन यांच्या जुन्या शेलला कोणताही प्रोग्राम शोधण्याच्या जागा ठरवून दिलेल्या होत्या. बेल लॅब्जमध्येच जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये ही शोधयादी वापरणाऱ्याला बदलता येईल अशी सोय केली, आणि सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांच्या शेलसोबत हीच कल्पना सर्वव्यापी होऊन आली. तिला ‘एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे परिसर, असे नाव मिळाले, आणि परिसरातील एकेका नोंदीला ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’. गणितात आपण व्हेरिएबलला ‘चल’ म्हणतो.

ही रचना अगदी साधी आहे. परिसर म्हणजे ‘नाव बरोबर मूल्य’ अशा नोंदींची एक यादी. ‘होम’ या नावापुढे वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरचा पत्ता. ‘पाथ’ या नावापुढे प्रोग्राम शोधायच्या जागांची मालिका. ‘टर्म’ या नावापुढे समोरच्या टर्मिनलचा प्रकार. एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो तेव्हा या यादीची एक प्रत त्याच्या हाती ठेवतो. मूल आपल्या प्रतीत हवे ते बदल करू शकते, ते बदल आपल्या मुलांकडे सोपवू शकते. पण आईबापांच्या यादीला ते हात लावू शकत नाही. वारसा वरून खाली वाहतो, खालून वर कधीच नाही. कौटुंबिक कादंबऱ्यांच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता प्रोग्रामने पत्ता पोटात कोरून घेण्याची गरज उरली नाही. त्याने फक्त एक नाव लक्षात ठेवायचे आणि जन्मतः मिळालेल्या यादीत ते नाव आहे का ते पाहायचे. मॅन्युअलच्या पानांसाठी ‘मॅनपाथ’ हे नाव रूढ झाले. इथे केवळ सोय झाली असे नाही, अधिकारही सरकला. पूर्वी टीकेची जागा ग्रंथकर्ता ठरवी. आता वाचकालाही ती सांगता येऊ लागली.

घराच्या पत्त्यावरून एक गोष्ट आठवते. कॅलिफोर्नियात बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ज्या एडिटरवर काम सुरू केले, तो पुढे ‘व्हीआय’ म्हणून जगभर गेला. त्यांच्यासमोरचे टर्मिनल ‘एडीएम-३ए’ या जातीचे होते. त्याच्या कळफलकावर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवर होत्या. ‘व्हीआय’मध्ये याच अक्षरांनी वरखाली हलावे लागते, त्याचे मूळ हे. त्याच कळफलकावर ‘होम’ हा शब्द आणि टिल्ड हे नागमोडी चिन्ह एकाच कळीवर होते. घर-फोल्डर दाखवण्यासाठी आजही टिल्ड वापरतात ते त्यामुळेच, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते टर्मिनल केव्हाच अडगळीत गेले. त्याची खूण मात्र भाषेत राहिली. शब्दांच्या व्युत्पत्तीतही असेच घडत असते.

‘व्हीआय’ला स्वतःची अशी मदत नव्हती. मॅन्युअलचे पान आणि वेगळे परिचयपर लेखन यांवर वापरणाऱ्याची भिस्त. नेमक्या याच वर्षी, १९७६ साली, देशाच्या दुसऱ्या टोकाला, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन व त्यांचे सहकारी ‘ईमॅक्स’ हा एडिटर घडवत होते, आणि त्यांचा विचार उलट दिशेचा होता. ईमॅक्सविषयीच्या निबंधात स्टॉलमन यांनी त्याच्या शीर्षकातच एक विशेषण घातले : हा एडिटर स्वतःच स्वतःची माहिती देणारा आहे. तिथे प्रत्येक आज्ञेचे वर्णन तिच्या व्याख्येचाच भाग असते. एखादी कळ काय करते असे एडिटरलाच विचारावे आणि त्याने सांगावे. मूळ श्लोक आणि त्याखालीच त्याची टीका, अशी छापील पोथीसारखी ही मांडणी.

कल्पना सुंदर होती. पण यंत्राची मेमरी महाग होती. हजारो आज्ञांची वर्णने सतत मेमरीत बाळगणे परवडणारे नव्हते. तेव्हा स्टॉलमन यांच्या पुढच्या ‘ग्नू ईमॅक्स’मध्ये, जो १९८५ साली लोकांसमोर आला, एडिटरच्या अंगभूत आज्ञांची वर्णने ‘डॉक’ नावाच्या एका वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत पडली. मेमरीत राहिला तो केवळ एक आकडा : अमुक वर्णन त्या फाइलीत कितव्या अक्षरापासून सुरू होते तो. विचारले की एडिटर ती फाइल उघडतो, त्या आकड्यापर्यंत जातो आणि वाचून दाखवतो. ही फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता वापरणाऱ्याला ‘ईमॅक्सडॉक’ या व्हेरिएबलने सांगता येतो.

म्हणजे स्वतःची माहिती स्वतः देणाऱ्या एडिटरलाही अखेर टीका घराबाहेर ठेवावी लागली. बाहेर ठेवल्याबरोबर आवृत्तीचा धोका आला. आपण एखाद्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचे पृष्ठक्रमांक घेऊन तिसऱ्या आवृत्तीत संदर्भ शोधायला गेलो तर जे होते, तेच इथे होणार. आकडा एका आवृत्तीचा आणि फाइल दुसऱ्या आवृत्तीची असेल, तर एडिटर तितक्याच आत्मविश्वासाने भलतेच वाक्य वाचून दाखवील. म्हणून पूर्वी या फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालत असत.

ईमॅक्सच्या सविस्तर ग्रंथांसाठी ‘इन्फो’ नावाची निराळी व्यवस्था आहे. पुढचे प्रकरण, मागचे प्रकरण, वरचे प्रकरण असे दुवे तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर असतात. या ग्रंथांच्या जागा सांगणारे व्हेरिएबल म्हणजे ‘इन्फोपाथ’. त्यात फोल्डरांची नावे एकापुढे एक लिहितात आणि दोन नावांमध्ये अपूर्णविराम देतात. इथे विरामचिन्हांच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक संकेत आहे. यादीच्या शेवटी नुसताच अपूर्णविराम ठेवून पुढे काही लिहिले नाही, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ होतो : ‘आणि नेहमीच्या जागाही’. तो अपूर्णविराम गाळला, तर अर्थ होतो : ‘मी सांगितल्या तेवढ्याच जागा, बाकीच्या नाहीत’. एका चिन्हाच्या असण्यानसण्याने सगळी जुनी ग्रंथसंपदा दिसते वा दिसेनाशी होते. विरामचिन्हांना क्षुल्लक समजणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी वर्गात सांगत आलो आहे.

आता व्हिमकडे, म्हणजे माझ्या फजितीच्या मूळ स्थानाकडे, येऊ. ब्राम मोलेनार हे नेदरलँड्सचे. १९८८ साली त्यांच्याकडे अमिगा संगणक होता आणि ‘व्हीआय’ची सवय असलेल्या त्यांना त्यावर तसा एडिटर हवा होता. ‘स्टीव्ही’ या अन्य एका नकलेवरून त्यांनी काम सुरू केले. १९९१ साली व्हिम लोकांपर्यंत पोहोचला, पुढच्या वर्षी तो युनिक्सवर आला. नावाचा अर्थ आरंभी ‘व्हीआयची नक्कल’ असा होता, पुढे ‘सुधारलेला व्हीआय’ असा झाला. तो युनिक्स, विंडोज, मॅक अशा सर्व घरांत राहू लागला, आणि प्रत्येक घरात फडताळ वेगळ्या भिंतीला. मदतीचा पत्ता सापडवणे ही मोठीच कामगिरी झाली.

मोलेनार यांनी दोन नावे योजली. एक ‘व्हिम’ आणि दुसरे ‘व्हिमरनटाइम’. पहिले घराचा पत्ता सांगते. वापरणाऱ्याच्या सोयीने लावलेल्या गोष्टी तिथे शोधतात. दुसरे ग्रंथालयाचा पत्ता सांगते. मदतीच्या फाइली आणि एडिटरला काम करताना लागणारे अन्य साहित्य तिथे असते. मदतीचा मुख्य ग्रंथ म्हणजे ‘व्हिमरनटाइम’मधील ‘डॉक’ फोल्डरातील एक फाइल. ही विभागणी करण्यामागचा विवेक असा, की घर माणसाचे असते आणि ग्रंथालय आवृत्तीचे. नवी आवृत्ती आली की ग्रंथालय बदलावे, घरातल्या वस्तू जिथल्या तिथे राहाव्यात.

हे पत्ते कोणी दिलेले नसतील तर एडिटर काय करतो? तो तर्क करतो, आणि त्या तर्कांचा क्रम त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहून ठेवलेला आहे. घराच्या पत्त्यासाठी प्रथम परिसरातील ‘व्हिम’ हे नाव पाहायचे. ते नसेल तर मदतीच्या फाइलीचा पत्ता कोणी वेगळा सांगितला आहे का ते पाहायचे, आणि सांगितला असेल तर त्याच्या शेपटाकडची नावे एकेक करून गाळत मागे यायचे : आधी फाइलीचे नाव, मग ‘डॉक’, मग ‘रनटाइम’ किंवा आवृत्तीचा क्रमांक असलेले फोल्डर. उरते ते घर. विंडोजवर तेही नसेल तर प्रोग्राम स्वतः जिथे उभा आहे तीच जागा घर मानायची. युनिक्सवर, प्रोग्राम बांधताना जो पत्ता आत कोरला होता तो अखेरीस घ्यायचा.

यात एक चक्र आहे. मदतीच्या फाइलीचा मूळचा पत्ताच ‘व्हिमरनटाइममधील अमुक फाइल’ असा लिहिलेला असतो. म्हणजे मदत सापडायची तर ग्रंथालय माहीत हवे, ग्रंथालय सापडायचे तर घर माहीत हवे, आणि घर शोधायला निघालो तर मदतीच्या पत्त्यावरून तर्क करायचा! ‘कोंबडी आधी की अंडे आधी’ हाच हा पेच, आणि मॅन्युअलनेही याच कोंबडी-अंड्याच्या नावाने तो कबूल केलेला आहे. त्यावरचा उपायही तिथेच आहे : ज्या पत्त्यात दुसरे एखादे व्हेरिएबल दडलेले आहे, तो पत्ता तर्कासाठी धरायचा नाही. अर्थनिर्णयाच्या शास्त्रातील मंडळींना हे वर्तुळ परिचित आहे. समग्र कळल्याशिवाय अंश कळत नाही आणि अंश कळल्याशिवाय समग्र. आपण त्यावर ग्रंथ लिहितो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याच संध्याकाळी कुठूनतरी सुरुवात करावी लागते.

ग्रंथालयाचा शोधही असाच पायऱ्यांनी होतो. प्रथम परिसरातील ‘व्हिमरनटाइम’ हे नाव. नंतर घराच्या आत आवृत्तीच्या क्रमांकाचे फोल्डर, उदाहरणार्थ ९.१ या आवृत्तीसाठी ‘व्हिम९१’. ते नसल्यास ‘रनटाइम’ नावाचे फोल्डर. तेही नसल्यास घर हेच ग्रंथालय मानायचे, कारण फार जुन्या आवृत्त्यांत ते तसे होते. युनिक्सवर प्रोग्राम बांधतानाच पत्ता कोरलेला असेल तर या मधल्या पायऱ्या गाळून तोच घेतला जातो. कोरलेला असो वा नसो, पहिला मान वाचकाने सांगितलेल्या पत्त्यालाच. मला ही उतरंड एखाद्या चांगल्या संपादकाच्या शिस्तीसारखी वाटते. वाचकाने काही स्पष्ट सांगितले असेल तर ते आधी. ते नसेल तर उपलब्ध पुराव्यावरून अनुमान. आणि जुन्या वाचकांची वाट बंद होऊ नये म्हणून जुना मार्गही शिल्लक. माझ्या संगणकावर याच शिस्तीने सारे घडले होते. प्रोग्राम जिथे उभा होता ते पेनड्राइव्हवरचे उघडेबोडके फोल्डर त्याने घर मानले, त्यालाच ग्रंथालय मानले, आत ‘डॉक’ शोधले, आणि ते नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. चूक त्याची नव्हती. आम्ही ग्रंथ नेला आणि टीका मागे ठेवली.

वारशाचा धोका मात्र या व्यवस्थेत उरतोच. शोधून काढलेले पत्ते व्हिम आपल्या परिसराच्या यादीत नोंदवून ठेवतो. पुन्हा शोधायला नको आणि त्याच्या पोटातून चालणाऱ्या इतर प्रोग्रामांनाही ते उपयोगी पडावेत, असा त्यामागचा सद्हेतू. आता समजा, एका आवृत्तीच्या व्हिमच्या आतून आपण दुसऱ्या आवृत्तीचा व्हिम चालवला. दुसऱ्याला वारशाने पहिल्याच्या ग्रंथालयाचा पत्ता मिळतो. वारशाने आलेला पत्ता आणि वाचकाने मुद्दाम दिलेला पत्ता यांत फरक करण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. पहिल्या पायरीवरच उत्तर मिळाल्यामुळे तो पुढे काही शोधत नाही, आणि आपल्याविषयी विचारले असता दुसऱ्याचे मॅन्युअल वाचून दाखवतो. २०१४ साली व्हिममधून ‘नियोव्हिम’ हा स्वतंत्र प्रवाह फुटला. त्यानेही ‘व्हिमरनटाइम’ हे नाव तसेच ठेवले. तेव्हा एकाच्या पोटात दुसरा चालला आणि वारशाचे नाव पुसले गेले नाही, तर घोळ अधिकच वाढायचा. न सापडलेली मदत निदान दिलगिरी व्यक्त करते. चुकीची मदत कधीच दिलगिरी व्यक्त करीत नाही. वर्गात मागच्या पिढीच्या टिपणांवरून नवा अभ्यासक्रम शिकवला जातो तेव्हा काय होते, हे आपण सर्व जाणतो.

यावर शेवटचा उपाय वाचकाच्या डोळ्यांचाच आहे. व्हिमच्या प्रत्येक मदत-फाइलीच्या पहिल्या ओळीत फाइलीचे नाव, ती कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला ही माहिती असते. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाचे नाव, स्थळ, काळ सांगणारी पुष्पिका असते, तिचेच हे भावंड; फक्त ते आरंभी येते. यंत्राने कुठेही नेले, तरी आपण कुठे आलो आहोत ते वाचणाऱ्याला पडताळता यावे, म्हणून ती ओळ. वितरकांनीही अशी काळजी घेतल्याचे उदाहरण आहे. डेबियन या लिनक्स-वितरणात व्हिमची एक लहानशी आवृत्ती मिळते. पूर्ण मॅन्युअल तिच्यासोबत येत नाही, ते वेगळ्या पॅकेजात असते. पण ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक छोटी मदत-फाइल ठेवलेली असते. मालक घरी नसले तरी दाराला चिठ्ठी लावून गेलेले.

पत्त्याच्या या गोष्टीत भाषाही येते, आणि तिथे आपला संबंध थेट आहे. मदत कोणत्या भाषेत शोधायची हेही एडिटर परिसरावरूनच ठरवतो. परिसरात यंत्रणेची भाषा मराठी अशी नोंद असेल, तर मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘एमआर’ तो उचलतो, आणि नेहमीच्या मदत-फाइलीऐवजी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एमआरएक्स’ आहे अशा फाइली आधी शोधतो. त्या न सापडल्यास इंग्रजी. नेदरलँड्समधल्या एका माणसाने केलेल्या रचनेत मराठीसाठी एक फडताळ मोकळे ठेवलेले आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, प्रोग्राममध्ये एक अक्षर बदलावे लागत नाही. लागते ते फक्त कोणीतरी बसून मराठीत लिहिणे. मराठीला ज्ञानभाषा करण्याच्या आपल्या ठरावांपेक्षा हे काम लहान आहे, आणि म्हणूनच ते करता येण्याजोगे आहे. मराठी विभागाच्या अनुवादाच्या तासाला अशा एका फाइलीचे भाषांतर का होऊ नये, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ‘डॉक’ फोल्डरात अशी महत्त्वाची काय वस्तू आहे? तिथे आज्ञांची जंत्री आहेच. तिच्याबरोबर ‘युगांडा’ या नावाचीही एक फाइल आहे. १९९४ साली मोलेनार युगांडाच्या दक्षिण भागातील किबाले येथील बालककेंद्रात गेले आणि पाणी व स्वच्छतेच्या कामावर वर्षभर राहिले. परत आल्यावर त्यांनी ठरवले, की व्हिम विनामूल्य द्यायचा, आणि ज्याला तो आवडेल त्याने त्या केंद्रातील मुलांसाठी काही द्यावे असे सुचवायचे. हे आवाहन आणि व्हिमच्या वापराचे हक्क सांगणारा परवाना हे दोन्ही त्या फाइलीत आहेत. अनेक वर्षे व्हिम नुसता उघडला की पडद्यावर त्या मुलांना मदत करण्याचे एका ओळीचे आवाहन दिसे आणि सविस्तर माहितीसाठी मदतीची आज्ञा द्यायला सांगितले जाई. ती आज्ञा वाचणाऱ्याला ‘व्हिमरनटाइम’च्या वाटेने त्या फाइलीपर्यंत नेई. माझ्या पेनड्राइव्हवर ती वाटच तुटलेली होती. मला एडिटर मिळाला होता, फुकट मिळाला होता. तो कोणाच्या नावाने फुकट दिला आहे हे मात्र मला कळले नव्हते.

ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. आता काम इतर मंडळी पाहतात. पण मदतीचे ग्रंथ उघडले की माथ्यावर मोलेनार यांचे नाव दिसते, आणि ती सरळ, किंचित विनोदी, वाचकाला बरोबरीचा मानणारी शैली भेटते. ‘एड’च्या काळात लेखक शेजारच्या खोलीत असे. आता तो कुठेच नाही, आणि तरीही त्याला प्रश्न विचारता येतो. अट एकच : त्याचे उत्तर जिथे ठेवले आहे तो पत्ता कोणीतरी पुढच्याच्या हाती दिला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी ‘डॉक’सह सगळे फोल्डर आणून दिले. शब्दयाद्यांचे काम बाजूला ठेवून मी आधी ‘युगांडा’ ही फाइल उघडून वाचली.